फॉर्मवर १८, खरं वय १४ : गॅलिपोलीहून परत न आलेला जिम मार्टिन

१२ एप्रिल १९१५. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात एक उंच मुलगा सैन्यात भरती व्हायला आला. वय विचारल्यावर त्याने १८ सांगितलं. लिहून घेणाऱ्याने १८ लिहून घेतलं. जन्माचा दाखला कुणी मागितला नाही.

त्या मुलाचं नाव जेम्स चार्ल्स मार्टिन. घरचे त्याला जिम म्हणायचे. त्या दिवशी त्याचं खरं वय होतं १४ वर्षं ३ महिने.

पुढच्या साडेसहा महिन्यांत जिम अर्धं जग ओलांडून तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पोहोचला, खंदकात राहिला, आजारी पडला आणि एका हॉस्पिटल जहाजावर त्याचा मृत्यू झाला. पहिल्या महायुद्धात मरण पावलेला, माहीत असलेला सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन सैनिक म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं.

ही गोष्ट सहसा ‘केवढा धाडसी मुलगा’ अशी सांगितली जाते. तो धाडसी होताच. पण १४ वर्षांचं पोर गणवेश घालून थेट आघाडीवर पोहोचतं, तेव्हा त्यामागे एकट्या पोराचा हट्ट नसतो. त्याला तिथपर्यंत नेणारी एक अख्खी व्यवस्था असते. ती व्यवस्था नेमकी कशी चालली, हे समजून घेण्यासारखं आहे.

सहा भावंडांत एकुलता एक मुलगा

जिमचा जन्म ३ जानेवारी १९०१ रोजी न्यू साउथ वेल्समधल्या टोकमवाल या छोट्या गावात झाला. दोनच दिवसांपूर्वी, १ जानेवारीला, सहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन ‘ऑस्ट्रेलिया’ हा देश अस्तित्वात आला होता. म्हणजे जिम आणि त्याचा देश एकाच आठवड्यात जन्मले.

वडील चार्ल्स मूळचे न्यूझीलंडचे. त्यांनी किराणा दुकान, किरकोळ कामं, टांगा चालवणं असं मिळेल ते केलं. आई अमेलिया. सहा भावंडांत जिम तिसरा आणि मुलगा एकटाच, बाकी सगळ्या बहिणी. कामासाठी गावं बदलत बदलत हे कुटुंब अखेर मेलबर्नच्या हॉथॉर्न भागात स्थिरावलं. शाळा संपल्यावर जिम शेतमजूर म्हणून कामाला लागला. त्या काळात कष्टकरी घरातली मुलं चौदाव्या वर्षी कमावती होत, त्यामुळे यात कुणाला वेगळं वाटत नव्हतं.

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. ऑस्ट्रेलिया ब्रिटिश साम्राज्याचा भाग असल्यामुळे आपोआप युद्धात ओढला गेला.

शाळेतच सुरू झालेली कवायत

जिमला सैन्याचं आकर्षण कुठून लागलं, याचं एक उत्तर शाळेत सापडतं.

१९११ पासून ऑस्ट्रेलियात मुलांसाठी सक्तीचं लष्करी प्रशिक्षण सुरू झालं होतं. १२ ते १४ वयाची मुलं ज्युनिअर कॅडेट आणि १४ ते १८ वयाची सीनिअर कॅडेट. आपल्याकडच्या एनसीसीसारखंच, फक्त ऐच्छिक नाही. कवायत, रांगेत चालणं, हुकूम पाळणं, थोडीफार नेमबाजी हे सगळं शाळेच्या वयातच अंगवळणी पडत होतं. जिमही शाळेत कॅडेट होता.

त्यात सैन्याचा पगार. ऑस्ट्रेलियन शिपायाला दिवसाला ६ शिलिंग मिळत, म्हणजे ब्रिटिश शिपायापेक्षा कितीतरी जास्त. परदेश बघायला मिळणार, वर पैसे मिळणार. म्हणून या शिपायांना लोक गमतीने ‘रोज सहा शिलिंग घेणारे पर्यटक’ म्हणायचे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जिम भरती झाला ती तारीख १२ एप्रिल. ऑस्ट्रेलियन फौज गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली ती २५ एप्रिलला. म्हणजे जिमने नाव नोंदवलं तेव्हा मृतांच्या लांबलचक याद्या वर्तमानपत्रात यायच्या होत्या. युद्ध म्हणजे बँड, गणवेश आणि बोटीचा प्रवास, एवढीच कल्पना अजून लोकांच्या डोक्यात होती.

वय तपासत कसे होते? खरं तर तपासतच नव्हते

नियम कागदावर स्पष्ट होता. २१ वर्षांवरच्या पुरुषाला स्वतःच्या निर्णयाने भरती होता येई. १८ ते २१ वयाच्या मुलाला पालकांची संमती लागे. १८ च्या खाली प्रवेश नाही.

पण वयाचा पुरावा मागायची पद्धत नव्हती. उमेदवार जे सांगेल ते लिहायचं आणि खरं बोलतोय अशी शपथ घ्यायची. तपासणी व्हायची ती शरीराची. उंची, छाती, डोळे, दात. युद्धाच्या सुरुवातीला उंचीची अट ५ फूट ६ इंच होती. जिमची उंची बरोबर तेवढीच होती आणि त्याचा आवाजही फुटला होता. फूटपट्टी आणि तराजू या दोन्हींच्या हिशेबाने तो ‘पुरुष’ होता.

सैन्याला माणसं हवी होती आणि मुलांना जायचं होतं. मधल्या अधिकाऱ्याला खोलात शिरायचं काही कारण नव्हतं. अशी किती मुलं आत गेली याचा नेमका आकडा काढणं अवघड आहे, कारण खोटं वय हीच त्यांची अधिकृत नोंद झाली.

आईची सही

भरती केंद्रावर पुरावा लागत नव्हता, पण संमतीपत्र लागत होतं. तिथे अमेलियाचा प्रश्न आला.

आधी चार्ल्स स्वतः भरती व्हायला गेले होते. त्यांना नाकारण्यात आलं. तेव्हा जिमने जाहीर केलं की बाबांच्या जागी मी जातो. आई-वडिलांनी विरोध केला. त्यावर त्याने शेवटचं अस्त्र काढलं. तुम्ही सही दिली नाही तर मी खोट्या नावाने भरती होईन आणि तुम्हाला एकही पत्र पाठवणार नाही.

ही पोकळ धमकी नव्हती. त्या काळात खोट्या नावाने भरती होणारे खरोखरच होते. असा सैनिक मेला किंवा जखमी झाला तर घरी कळवायला सैन्याकडे खरा पत्ताच नसे. म्हणजे अमेलियापुढे दोन पर्याय होते. सही करायची आणि निदान पत्रं येत राहतील एवढं तरी राखायचं, किंवा नकार द्यायचा आणि मुलगा कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हेही न कळण्याची तयारी ठेवायची.

तिने सही केली.

खरं तर तिसरा पर्यायही होता. भरती केंद्रावर जाऊन मुलाचं खरं वय सांगायचं. तसं कळवणाऱ्या पालकांची मुलं सैन्यातून सोडवली जात. मार्टिन कुटुंबाने तसं केलं नाही. का केलं नाही, हे आज बाहेरून ठरवणं कठीण आहे. पण तेव्हाचं वातावरण डोळ्यांसमोर आणायला हवं. सगळं शहर भरतीच्या मोहिमेत होतं. जुलै १९१५ मध्ये, म्हणजे गॅलिपोलीच्या बातम्या येऊ लागल्यावर, ऑस्ट्रेलियात एका महिन्यात ३६ हजारांहून जास्त लोक भरती झाले. संपूर्ण युद्धातला तो सर्वांत मोठा मासिक आकडा आहे. अशा दिवसांत आपल्या मुलाला परत ओढून आणणं म्हणजे त्याची चारचौघांत नाचक्की करणं, असंही अनेक घरांना वाटत असे.

समुद्रात चार तास

जिमची नेमणूक २१ व्या बटालियनमध्ये झाली. २८ जून १९१५ रोजी ‘बेरिमा’ या जहाजातून तो मेलबर्नहून निघाला आणि इजिप्तला पोहोचला. ऑगस्टच्या अखेरीस अलेक्झांड्रिया बंदरातून ‘साउथलँड’ नावाच्या जहाजाने त्याची तुकडी गॅलिपोलीकडे निघाली.

२ सप्टेंबरला ग्रीसच्या लेमनॉस बेटाजवळ एका जर्मन पाणबुडीने ‘साउथलँड’वर पाणतीर सोडला. जहाज बुडालं नाही, कसंबसं बेटापर्यंत नेण्यात आलं. पण सैनिकांना जहाज सोडावं लागलं. सुमारे ४० जणांचा जीव गेला. ब्रिगेडचे कमांडर कर्नल रिचर्ड लिंटन यांचाही त्यात मृत्यू झाला.

जिम त्या दिवशी जवळपास चार तास पाण्यात होता. त्याची सुटका झाली आणि सहाच दिवसांनी, ८ सप्टेंबरला, तो गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला.

गॅलिपोलीला लढाई कशासाठी होती?

नकाशावर पाहिलं तर गॅलिपोली हा तुर्कस्तानचा एक चिंचोळा द्वीपकल्प आहे. त्याला लागून दार्दानेल्सची सामुद्रधुनी आहे. ती ताब्यात आली की जहाजं थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत, म्हणजे आजच्या इस्तंबूलपर्यंत जाऊ शकणार होती. उस्मानी साम्राज्य युद्धातून बाहेर पडेल आणि मित्रदेश रशियाला रसद पाठवायचा मार्ग खुला होईल, अशी ब्रिटनची योजना होती. नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल तिचे मोठे पुरस्कर्ते होते.

मार्च १९१५ मध्ये नौदलाचा हल्ला फसला. मग २५ एप्रिलला पायदळ उतरवण्यात आलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या एकत्रित फौजेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अँझॅक’ म्हणत. ही फौज उतरली तिथे समोर उभे कडे आणि वर तुर्की सैनिक होते. पुढे सरकणं जमेना आणि दोन्ही बाजूंनी खंदक खणले गेले. काही ठिकाणी दोन खंदकांमध्ये अवघ्या काही मीटरचं अंतर होतं. जिमने घरी लिहिलेल्या पत्रात तुर्क आपल्यापासून साधारण ७० यार्डांवर असल्याचं कळवलं होतं. म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या जेमतेम तिप्पट अंतर.

इथे भारतीयही होते. भारतीय तोफखान्याच्या पहाडी तुकड्या २५ एप्रिललाच अँझॅक सैनिकांबरोबर उतरल्या होत्या. किनाऱ्यावरून पाणी, दारूगोळा आणि अन्न वरच्या खंदकांपर्यंत नेण्याचं काम भारतीय खेचरवाले करत, तेही बहुतेक वेळा रात्रीच्या अंधारात. त्याच वर्षी मराठा पलटणी पुणे डिव्हिजनमधून याच उस्मानी साम्राज्याविरुद्ध मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होत्या.

गोळीपेक्षा माशी घातक

जिम गोळी लागून गेला नाही. गॅलिपोलीत आजाराने जेवढी माणसं बाहेर काढावी लागली, त्याचा विचार केल्याशिवाय ही मोहीम कळत नाही.

खंदकांच्या मधल्या जमिनीवर मृतदेह तसेच पडून राहत. २४ मे रोजी दोन्ही बाजूंनी काही तास लढाई थांबवून फक्त मृतदेह पुरले, इतकी परिस्थिती बिघडली होती. कडक उन्हाळ्यात माशांचे थवे मृतदेहांवरून, उघड्या शौचखड्ड्यांवरून उठून थेट जेवणावर बसत. पिण्याचं पाणी जहाजाने बाहेरून आणावं लागे, त्यामुळे ते मोजून मिळे. हात धुणं ही चैन होती. खायला डबाबंद खारवलेलं मांस, दगडासारखी बिस्किटं आणि जॅम. जॅमचा डबा उघडला की घास तोंडात जाईपर्यंत त्यावर माशा चिकटलेल्या असत.

हगवण आणि टायफॉईड पसरायला आणखी काय हवं? टायफॉईडचे जीवाणू दूषित अन्न-पाण्यातून पोटात जातात. अनेक दिवस ताप राहतो, आतड्यांना जखमा होतात, शरीर सुकत जातं. जीवाणूंचा विषारी परिणाम हृदयावरही होऊ शकतो. सैनिकांना लस दिली जात होती, पण तिचं संरक्षण पूर्ण नव्हतं. टायफॉईडवर चालणारं प्रतिजैविक औषध यायला १९४० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. तोपर्यंत उपचार म्हणजे विश्रांती, स्वच्छता, पातळ आहार आणि चांगली शुश्रूषा. खंदकात यातलं काहीच नव्हतं.

या दिवसांत जिम घरी पत्रं लिहीत होता. माझी काळजी करू नका, मी मजेत आहे, असंच त्यात असे. त्याची एक तक्रार मात्र होती. घरून एकही पत्र आलेलं नाही. घरचे लिहीत होते, पण ती पत्रं त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. पत्रं लिहिणार नाही अशी धमकी देऊन निघालेला मुलगा खंदकात बसून घरच्या पत्राची वाट पाहत होता.

२५ ऑक्टोबरची संध्याकाळ

ऑक्टोबरमध्ये जिमला टायफॉईडने गाठलं. २५ ऑक्टोबरला त्याला किनाऱ्यावरून ‘ग्लेनार्ट कॅसल’ या हॉस्पिटल जहाजावर आणलं, तेव्हा त्याची अवस्था फार वाईट होती. परिचारिकांनी त्याची काळजी घेतली. जहाजावरच्या मुख्य परिचारिकेने नंतर अमेलियाला पत्र लिहून कळवलं, की त्याने केलेल्या सेवेबद्दल आभार मानले आणि तो शांतपणे झोपायला गेला. त्याच संध्याकाळी त्याचं हृदय बंद पडलं.

त्याचं वय होतं १४ वर्षं ९ महिने. त्याला समुद्रातच दफन करण्यात आलं, त्यामुळे त्याची कबर नाही.

गॅलिपोलीत तो सात आठवडे होता. त्याच्या मृत्यूनंतर आठ आठवड्यांत, २० डिसेंबरच्या पहाटेपर्यंत, अँझॅकचा सगळा किनारा रिकामा करण्यात आला. माघार इतक्या गुपचूप झाली की जवळजवळ कुणी दगावलं नाही. पण ज्या खंदकांसाठी आठ महिने माणसं मरत होती, ते खंदक तसेच सोडून फौज निघून गेली. या मोहिमेत ८ हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन मेले. तुर्कांची जीवितहानी त्याच्या कितीतरी पट होती.

दुसरा मुलगा, जो १०३ वर्षं जगला

जिमच्या मृत्यूनंतर काहीच दिवसांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ॲलेक कॅम्पबेल नावाचा टास्मानियाचा मुलगा गॅलिपोलीला उतरला. त्यानेही १८ सांगितलं होतं, खरं वय १६ होतं. बरोबरचे शिपाई त्याला ‘पोऱ्या’ म्हणत. दारूगोळा आणि पाणी वाहण्याचं काम त्याच्याकडे होतं. तोही आजारी पडला, पण वाचला.

कॅम्पबेल पुढे शिकला, संसार केला, कामगार संघटनेत काम केलं. गॅलिपोलीत लढलेला जगातला शेवटचा हयात सैनिक म्हणून तो ओळखला गेला आणि २००२ मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी वारला. दोन मुलं, एकच खोटं, एकच किनारा. एकाला पुढची ८७ वर्षं मिळाली, दुसऱ्याला पंधरावा वाढदिवसही मिळाला नाही. जिमच्या मृत्यूने देशाचं काय गेलं, हे मोजायचं तर कॅम्पबेलचं आयुष्य समोर ठेवावं लागतं.

मग दोष कुणाचा?

खोटं बोलणाऱ्या जिमचा? तो १४ वर्षांचा होता. सही करणाऱ्या आईचा? तिला कोंडीत पकडलं होतं.

शाळेने त्याला लहानपणीच शिपाई व्हायला शिकवलं. पोस्टर आणि भाषणांनी सांगितलं की घरी बसणारा भित्रा. भरती अधिकाऱ्याने उंची मोजली आणि वय विचारलं, पण तपासलं नाही. डॉक्टरने शरीर पाहिलं. मेलबर्नच्या छावणीत आणि इजिप्तमध्ये त्याच्याबरोबर राहिलेल्यांनी त्याला रोज पाहिलं. या प्रत्येक टप्प्यावर त्याला थांबवता आलं असतं. प्रत्येकाने आपल्यापुरता नियम पाळला आणि पुढे ढकललं.

ऑस्ट्रेलियात तेव्हा सक्तीची परदेशी सैन्यसेवा नव्हती. १९१६ आणि १९१७ मध्ये त्यासाठी सार्वमत घेण्यात आलं आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. पन्नास लाखांहून कमी लोकसंख्येच्या देशातले सुमारे ४ लाख १६ हजार लोक स्वेच्छेने गेले आणि त्यातले ६० हजारांहून जास्त परतले नाहीत. पण ‘स्वेच्छेने’ हा शब्द १४ वर्षांच्या मुलाला किती लागू होतो, हा प्रश्न जिममुळे आजही विचारला जातो.

आज नियम काय आहे?

आता आंतरराष्ट्रीय कायदा याबाबत कडक आहे. १५ वर्षांखालच्या मुलांना सैन्यात घेणं किंवा लढायला लावणं हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारानुसार युद्धगुन्हा आहे. बालहक्क कराराला जोडलेला एक वेगळा करार संयुक्त राष्ट्रांनी मे २००० मध्ये स्वीकारला आणि तो १२ फेब्रुवारी २००२ पासून लागू झाला. १८ वर्षांखालच्या सैनिकांनी प्रत्यक्ष लढाईत भाग घेऊ नये याची जबाबदारी त्यात सरकारांवर टाकली आहे. स्वेच्छेने भरती होणाऱ्या अल्पवयीनांच्या वयाचा खात्रीलायक पुरावा घेणंही त्यात बंधनकारक आहे. म्हणजे १९१५ मध्ये मेलबर्नला जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो विचारणं आता सरकारचं काम आहे.

१२ फेब्रुवारी हा दिवस जगभर बालसैनिकांच्या वापराविरुद्ध ‘रेड हँड डे’ म्हणून पाळला जातो. तरीही अनेक देशांत मुलांच्या हातात आजही बंदुका दिल्या जात आहेत.

जिमचं नाव गॅलिपोलीच्या लोन पाइन स्मारकावर कोरलेलं आहे. कबर नसलेल्या किंवा समुद्रात दफन झालेल्या ४,९०० हून अधिक सैनिकांची नावं तिथे आहेत. दर २५ एप्रिलला, अँझॅक दिनी, हजारो ऑस्ट्रेलियन तिथे येतात आणि भिंतीवरची नावं वाचतात. त्या नावांपुढे वय लिहिलेलं नाही.